ज्याच्या-त्याच्या कानात

अमरावती,
४ मार्च

आदरणीय गफ्फारचाचा,
सलाम.

मी प्रणाली, चांदूर रेल्वेच्या नत्थुजी ड्रायव्हरची नात. आबाजींच्या तेरवीला तुम्ही अकोल्याहून आला होता. जाताना म्हणाला होता, "पोरी, फोनवर मले काही ऐकू येत नाई. मोबाइलवरची अक्षरं म्हंजे मुंग्या. लिहायचं असंन तं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून धाड." म्हणून हे पत्र. अक्षर पुरेसं मोठं आहे ना?

मला नोकरी लागली आहे. अमरावतीतच, राजापेठेकडे. लोकसभेच्या उमेदवारांचा प्रचार करणारी कंपनी आहे. आम्ही सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे. आमच्यातल्या एकानंही आजवर भिंतीला पोस्टर चिकटवलेलं नाही की सभेसाठी सतरंजी उचललेली नाही. आमच्या उमेदवार साहेबांचे जुने कार्यकर्ते कधी ऑफिसात येतात, भिंतीवरचे मोठे पडदे बघतात, पाणी पितात आणि निघून जातात. त्यांना काय काम द्यावं हे आम्हाला कळत नाही आणि काय मागावं हे त्यांना कळत नाही. माझं काम मतदारांच्या नावांचं. यादीतलं नाव आणि कार्डावरचं नाव जुळत नसेल तर ती नावं वेगळी काढायची, म्हणजे पुढे त्यांना दुरुस्तीसाठी मदत करता येते.

आता विनंती. आमचा टीमप्रमुख कुलदीप धामणगावचा आहे. परवा तो म्हणाला, "अकोल्याकडे लोक फोन उचलतात आणि लगेच कापतात. ओळखीचा आवाज पाहिजे." मी पटकन तुमचं नाव घेतलं. लहानपणी आबाजी सांगायचे, गफ्फारचा भोंगा वाजला की बाया तव्यावरची भाकर सोडून दारात येत.

हल्ली एखाद्याच्या जुन्या ध्वनिफिती मशीनला ऐकवल्या की मशीन तो आवाज शिकतं. मग त्या आवाजात काहीही बोलवून घेता येतं. प्रत्येक मतदाराला त्याच्या नावानं हाक मारता येते. तुमच्याकडे प्रचाराच्या जुन्या कॅसेटी आहेत असं आजी म्हणते. द्याल का? तुमची परवानगी असेल तरच. कंपनी मानधनही देणार आहे.

तुमची,
प्रणाली


अकोला,
१३ मार्च

बेटा प्रणाली,
लय लय आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. अक्षर नत्थूसारखंच आहे, उजवीकडं झुकलेलं. शाळेतली मराठी मले लिहिता येते, पन नत्थूसंगं जसा बोलो तसंच तुले लिहितो.

बाप्पा, काय दिवस होते ते! जीप नत्थूची, भोंगे माहे. टपावर दोन भोंगे, आत मी माइक घेऊन. ज्याचा प्रचार घेतला त्याचा इमानानं केला. एका निवडनुकीत ह्या पार्टीचा, दुसऱ्या निवडनुकीत त्या पार्टीचा. नत्थू हासे. म्हने, "गफ्फार, तुह्या आवाजाले जात नाई, धरम नाई, पार्टी बी नाई." हे कान त्याच भोंग्यानं खाल्ले. डाक्टर म्हने, रोज कानाजवळ तोफ वाजल्यावर दुसरं काय होईन?

एक गोष्ट तुले सांगून ठेवतो. तुहा बाप लहान होता तवा शहरात दंगल झाली होती. संचारबंदी लागली. मंग एक दिवस पोलिसांची जीप सांगून राहिली का दोन घंटे सूट आहे, बाहेर निघा. पन कोनी दार उघडे ना. कोनाले भरवसा वाटे ना. मंग पोलिस साहेबानं मले बोलावलं. मी माइक घेतला आन् म्हनलं, "मी अब्दुल गफ्फार बोलून राहिलो. सूट भेटली आहे. दूध घ्या, दवाई घ्या, घाबरू नका." एक दार उघडलं, मंग दुसरं उघडलं. आमच्या मोहल्ल्यातबी आन् पलीकडच्या हिंदूंच्या गल्लीतबी. त्या दिवशी मले समजलं का हा आवाज फक्त माहा नाई.

म्हून माही अट ऐक. माह्या आवाजात कोनाले शिवी नाई. कोनाच्या धरमाचं काही नाई. जे मी सोता उभा राहून बोललो नसतो ते मशीननं बोलायचं नाई. एवढं पाळशीन तं घेऊन जा. पैशाचं राहू दे. नत्थूच्या नातीपासून मी काय पैसे घेऊ?

माही सून निखतनं कॅसेटी पेटीतून काढून पुसून ठेवल्या. तुहा तो कुलदीप आला तं देतो.

एक इचारतो. मी मेल्यावरबी ते मशीन बोलत राहीन काय?

तुहा,
गफ्फारचाचा


अमरावती,
९ एप्रिल

आदरणीय गफ्फारचाचा,
सलाम.

उशीर झाला, माफ करा. झोपायलाही वेळ मिळत नाही. पण तुम्हाला सांगायचं ते फार मोठं आहे.

तुमचा आवाज जिवंत झाला! कुलदीपनं पहिल्यांदा ऐकवला तेव्हा ऑफिसातले सगळे खुर्च्या सोडून गोळा झाले. तो वीस वर्षांपूर्वीचा आवाज आहे, खणखणीत. "नमस्कार श्रावणभाऊ, मी अब्दुल गफ्फार बोलतो. ओळखलं का?" असं प्रत्येकाला नावानं. लोक फोन कापत नाहीत. कोणी म्हणतं, "हाव, ओळखलं न बाप्पा!" कोणी चहाला बोलावतं. एवढी माणसं एखाद्या सभेलाही कधी जमली नसतील आणि इथे प्रत्येकाला वाटतं की तुम्ही फक्त त्याच्याशी बोलताय. कुलदीप म्हणतो, आता सभा, दौरे, मोठी भाषणं हे आपल्या आज्यांच्या काळाबरोबर गेलं. देशाचं राजकारण आता माणसाच्या खिशात शिरून करायचं.

मी गंमत म्हणून आजीच्या फोनवरही तो कॉल लावला. "नमस्कार पार्वताबाई" असं ऐकताच आजी खाटेवरून उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उभ्या उभ्या बोलू लागली. तुमची तब्येत विचारली. आबाजी शेवटी कसे गेले ते सांगितलं. हाजराचाची गेल्यावर यायला जमलं नाही म्हणून वाईट वाटतं, असंही म्हणाली. मशीन आपलं साहेबांच्या रस्त्यांचं सांगत राहिलं. फोन बंद झाल्यावर ती मला म्हणाली, "गफ्फार बदलला वं. मी हाजराचं बोलली तं एक शब्द बोलला नाई." ते मशीन होतं हे सांगायला माझी जीभ रेटेना.

तुमची अट कुलदीपला मी शब्दशः वाचून दाखवली. तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नको."

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही, चाचा.

तुमची,
प्रणाली


अकोला,
३० एप्रिल

बेटा प्रणाली,
आशीर्वाद.

मतदान झालं. मी मत दिलं. इकडं सगळं ठीक आहे. ऊन लय आहे म्हून कोनी येत-जात नाई.

तुही आजी बोलली ते तिले समजावून सांग. हाजरा गेली तवा नत्थूनं तिच्या जनाज्याले खांदा देला होता. तिनं मनाले लावून घेऊ नये.

आता माह्या कॅसेटी परत धाड. आन् तुमच्या मशीनमंधून माहा आवाज काढून टाकता येत असंन तं काढून टाक. आता कानाबरोबर आवाजालेबी आराम देऊ.

पत्र लिहायची घाई करू नको. तुहं काम पाह्य.

गफ्फार


अमरावती,
१४ मे

आदरणीय गफ्फारचाचा,
सलाम.

तुमचं पत्र किती लहान होतं! मी तीनदा उलटून पाहिलं, मागच्या बाजूला काही लिहिलंय का म्हणून. तब्येत बरी नाही का? की कॅसेटी वेळेवर आल्या नाहीत म्हणून रागावलात? त्या कुलदीपच्या कपाटात आहेत, मी स्वतः घेऊन येईन. आवाजाचंही त्याला सांगितलं आहे.

एक आनंदाची बातमी. आमच्या कामाचं दिल्लीपर्यंत कौतुक झालं. मला तिकडच्या ऑफिसात बोलावलं आहे. चांदूर रेल्वेच्या ड्रायव्हरची नात दिल्लीला जाणार! आबाजी असते तर स्टेशनवर पेढे वाटत फिरले असते. हे सगळं तुमच्या आवाजामुळे झालं, हे मी सगळ्यांना सांगते.

जाण्याआधी अकोल्याला येईन, तुमच्या पाया पडायला. तुमच्या मोहल्ल्यात मला ओळख करून द्या, म्हणा ही ती पोरगी, जिनं माझा आवाज पुन्हा तरुण केला.

तुमची,
प्रणाली


अकोला,
२१ मे

प्रणाली,

मी निखत, अब्दुल गफ्फारांची सून. अब्बांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र त्यांनी वाचलं आणि उशीखाली ठेवून दिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणून आता मला बोलावंच लागेल. तुम्ही इथे येऊ नका. आलात तर मोहल्ल्यात कोणाला आपली ओळख सांगू नका.

मतदानाच्या आदल्या दिवशी, दुपार कलताना माझा फोन वाजला. "मी अब्दुल गफ्फार बोलतो." अब्बा माझ्यासमोर अंगणात बसून चहा पीत होते. मला वाटलं, तुमचाच तो नमस्कारवाला फोन. मी हसले आणि कापला. पुरता ऐकला असता तर!

आमच्या गल्लीत गजाला राहते. शिलाईचे वर्ग घेते. दोन महिने ती घरोघर फिरून बायकांना मतदानासाठी तयार करत होती. आमच्यात नावांचा घोळ फार. एकीचं यादीत 'बी' असतं, कार्डावर 'बेगम'. कुठे खातून, कुठे बानो. गजालानं सगळ्यांना समजावलं होतं की ओळखीचा दुसरा कागद दाखवला की मत देता येतं. मतदानाच्या दिवशी तिच्या घरी बायका जमणार होत्या. फार थोड्या आल्या. ती दारोदार गेली. दारं आतून बंद.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. अब्बा सकाळीच मत देऊन आले होते. तिला पाहून हसले, "आओ बेटी." तिनं कॉलचं रेकॉर्डिंग लावून फोन सरळ त्यांच्या कानाला धरला. अब्बांना वाटलं काही चांगलं ऐकवते आहे. ते मान हलवत राहिले, हसत राहिले. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला.

"काय म्हणते ही?" त्यांनी मला विचारलं. मी फोन घेतला आणि ऐकला. मी एका कागदावर लिहून दिलं: 'मी अब्दुल गफ्फार बोलतो. ज्यांच्या कार्डावरचं नाव यादीशी जुळत नाही त्यांनी उद्या बूथवर जाऊ नये. खोट्या मतदानाचा गुन्हा लागेल, पोलिस घरी येतील. माझं ऐका, घरातच राहा.'

अब्बांनी वाचलं. म्हणाले, "मैंने नहीं कहा."

गजाला म्हणाली, "आवाज आपकी है, चाचा. दंगे में इसी आवाज पे मेरी अम्मी ने दरवाजा खोला था. कल इसी आवाज पे बंद कर लिया." आणि निघून गेली.

तेव्हापासून आमच्याकडे कोणी येत नाही. नमाजला अब्बांच्या शेजारची जागा रिकामी राहते. लोक म्हणतात, गफ्फारनं म्हातारपणी आवाज विकला. काहीजणांनी तोंडावर विचारलं, "कोणाला दिला ते नाव तरी सांगा." अब्बांनी नाव सांगितलं नाही. मला म्हणाले, "नत्थूची नात आहे. तिचं नाव या गल्लीत येणार नाही."

तुम्हाला हे माहीत होतं की नव्हतं, मला कळत नाही. नसेल तर आता माहीत झालं.

निखत


अमरावती,
२ जून

आदरणीय गफ्फारचाचा,

निखतभाभीनं मला लिहिलं. तिच्यावर रागावू नका.

मला माहीत नव्हतं. पण हे सांगून मी सुटत नाही.

पत्र घेऊन मी कुलदीपकडे गेले. तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "आपण फक्त आवाज बनवला. फाइल वरून मागितली, दिली. कॉल आपण केले नाहीत."

"तू तो कॉल ऐकला होतास?"

"हो."

"कधी?"

त्यानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "आधीच. पण प्रणाली, यात खोटं काय आहे? नाव जुळत नसेल तर अडचण येतेच ना? आणि समोरचे काय कमी करतात? तू दिल्लीला चाललीस. हे सोड."

"मी त्यांची अट तुला वाचून दाखवली होती."

"ते वेगळे दिवस होते गं. भोंगेवाल्यांचे."

चाचा, तो वाईट मुलगा नाही. माझ्या आईच्या ऑपरेशनला रात्रभर दवाखान्यात बसला होता. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. आम्हाला कोणी कधी शिकवलंच नाही की मत म्हणजे एक बाई आहे, जी सकाळी आवरून, पोराला शेजारी ठेवून घराबाहेर पडते. आमच्या पडद्यावर ती फक्त एक ठिपका होती.

आणि दुसरी गोष्ट. तो कॉल नेमका ज्या घरांत गेला ती घरं त्यांना कुठून मिळाली? जुळत नसलेली नावं मीच वेगळी काढली होती. मदतीसाठी. तुमच्या गल्लीतली सगळी नावं माझ्या हाताखालून गेली आहेत. गजालाच्या आईचंही.

मी नोकरी सोडली. दिल्लीला नाही म्हणून कळवलं. काल सायबर पोलिसांत लेखी तक्रार दिली. तीत कंपनीचं, कुलदीपचं आणि माझंही नाव आहे. तुमची सही लागेल, की हे तुम्ही बोलला नाहीत आणि आवाज कोणाला व कोणत्या अटीवर दिला होता. माझं नाव तुम्हाला लिहावंच लागेल. कृपा करून लिहा.

आजीला सगळं सांगितलं. तिनं तिचा फोन माझ्या हातात दिला. "ठेव तुह्यापाशी. मले आता कोनाचा फोन नोको."

प्रणाली


अकोला,
१२ जून

प्रणाली,

निखतवर मी रागावलो नाई. तुह्यावर रागावलो. मी तुले वाचवून राहिलो होतो आन् तू सोता होऊन आत गेली. दोन दिवस मी तुहं पत्र घेऊन बसलो. मंग वाटलं, नत्थूनंबी हेच केलं असतं. सही केली. कागद ह्याच्यासंगं धाडून राहिलो. तुहं नाव लिहिलं आहे.

आता माहं ऐक. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी मी घरोघर गेलो होतो. म्हनलं, सोता तोंडानं सांगू का तो मी नोये. गजालाच्या अम्मीच्या दारात उभा राहिलो. बोललो. तिनं पोरीकडं पाहून काही म्हनलं. ओठावरून मले अर्धं समजलं, अर्धं निखतनं नंतर सांगतलं. ती म्हने, "ये गफ्फारभाई की आवाज नहीं. फोन पे जो बोले वो गफ्फारभाई थे."

बहिऱ्या मानसाचा आवाज बिघडत जाते, बेटा. सोताले ऐकू येत नाई तं तो कुठं चढते, कुठं फाटते, समजत नाई. तुमच्या मशीनजवळ माहा जवानीतला आवाज आहे. माह्याजवळ हा. मंग खरा कोनता, हे त्या बिचारीनं कसं ठरवावं? मी तसाच परत आलो. त्या दिवसापासून मी बोलनं कमी केलं.

एक इचार मनातून जात नाई. आमीबी काही संत नोतो. भोंग्यावरून लय खोटं बोललो. ह्यानं रस्ते केले, त्यानं धरन बांधलं, सगळं ठोकून द्याचो. पन भोंगा बोलला का साऱ्या गावानं ऐकलं. चुकीचं बोललो तं पानठेल्यावरचा मानूस जीप आडवाचा, म्हने, "ओ गफ्फार, काहून फेकून राहिला?" आन् चारचौघं हासत. तुमचं मशीन ज्याच्या-त्याच्या कानात येगळं बोलते. शेजाऱ्याच्या कानात काय सांगतलं ते ह्याले मालूम नाई. मंग जीप आडवनार कोन?

तू मोहल्ल्यात येऊ नको असं निखतनं लिहिलं. मी म्हनत नाई तसं. पन सध्या थांब.

गफ्फारचाचा


चांदूर रेल्वे,
१९ सप्टेंबर

आदरणीय गफ्फारचाचा,
सलाम.

थांब म्हणाला होता, तरी थांबवलं नाही. गेल्या महिन्यापासून दर रविवारी मी अकोल्याला येते. निखतभाभीकडून गजालाचा पत्ता घेतला आणि शिलाई वर्गात गेले. कोण आहे ते सरळ सांगितलं. ती मशीनवरून उठली आणि दाराकडे बोट दाखवलं. मी म्हणाले, "नावं मी बिघडवली नाहीत, पण वापरू दिली. दुरुस्तीचे अर्ज भरता येतात मला. तेवढं करू द्या." तिनं बोट खाली घेतलं. मग म्हणाली, "काम कर. मुझसे बात मत कर."

म्हणून मी बोलत नाही. बायका येतात, मी अर्ज भरते. गजाला दुसऱ्या टोकाला बसून काजं-बटणं करते. मागच्या रविवारी तिनं माझ्यापुढे चहा ठेवला, पण बोलली नाही. हल्ली ती छोटे व्हिडिओही करते, कोणता कागद चालतो, बूथ कुठे आहे हे सांगणारे. विधानसभा दिवाळीनंतर आहे, तोवर बहुतेक नावं सरळ होतील.

तक्रारीचं विचाराल तर चौकशी सुरू आहे असं उत्तर आलं. माझा जबाब झाला. कुलदीप आता दुसऱ्या राज्यात आहे, तिथेही निवडणूक आहे. मशीनमधला तुमचा आवाज कोणकोणाकडे पोचलाय ते मला सांगता येत नाही. मी खूप प्रयत्न केला, चाचा.

इथे एका क्लासमध्ये मुलांना कम्प्युटर शिकवते. पहिल्या दिवशी मी त्यांना त्यांच्याच सरांच्या आवाजात खोटी सुट्टी जाहीर करून दाखवली. सगळी पोरं दप्तर घेऊन उठली. मग त्यांना बसवून पुढचा धडा शिकवला.

दर रविवारी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येते आणि परत फिरते. घरी यायचा धीर होत नाही.

प्रणाली


अकोला,
२२ नोव्हेंबर

बेटा प्रणाली,
लय आशीर्वाद.

तू परवा तुह्या गावी मत द्याले गेलती, म्हून तुले इथलं मालूम नसंन. निखत म्हने, फोन करून सांगतो. मी म्हनलं, नाई, हे मीच लिहीन.

मतदानाच्या दिवशी पहाटेच मी कपडे घालून तयार होतो. तेवढ्यात गजाला सैपाकघराच्या दारातून आत आली. निखत सांगते का ती अगोदर लय घडी समोरचं दार ठोकून राहिली होती. निखत न्हानीत होती आन् मले काय ऐकू येते! मंग ती मागून शिरली. एप्रिलपासून पहिल्यांदा ती ह्या घरात आली. चेहरा पांढराफटक. माह्यासमोर उभी राहिली आन् हळूहळू बोलली, म्हंजे मले ओठ वाचता यावे म्हून.

"चाचा, मैं नहीं थी."

मले काही समजे ना. निखतनं तिच्या फोनमंधलं रेकॉर्डिंग ऐकलं. ह्यावेळी गजालाचा आवाज होता. तिचे व्हिडिओ होते न, त्याच्यातून घेतला असंन. गजाला मोहल्ल्यातल्या सगळ्या बायांले सांगून राहिली होती का बूथ बदलला, शाळेत जाऊ नका, दुपारून दुसरी जागा सांगतो.

ती खाली बसली आन् रडू लागली. म्हने, "उस दिन मैंने आपकी एक बात नहीं सुनी."

मी म्हनलं, "बेटी, सुनना तो मेरे को भी नहीं आता."

ती रडता रडता हासली. निखतबी हासली. लय दिवसांनी ह्या घरात कोनी हासलं.

मंग मी काठी घेतली. म्हनलं, चल, घरोघर जाऊ. तू बोल, मी संगं उभा राह्यतो. आमी दोघं बाहेर निघालो आन् काय पाहतो, गल्ली भरलेली! बाया फोन हातात घेऊन गजालाच्या दारासमोर जमल्या होत्या. फोन ऐकून कोनी घरात बसलं नोतं. ज्या बाया एप्रिलमंधी कड्या लावून बसल्या त्याच आता एकमेकीले इचारून राहिल्या होत्या, तुले आला काय, मलेबी आला, गजाला कुठं आहे? गजालाले येताना पाहून तिची अम्मी समोर आली. पोरीचं तोंड दोन हातांत धरून इचारलं, "तू बोली क्या?" गजालानं मान हलवली. बस. दुसरं काही इचारलं नाई.

मंग अम्मी माह्याकडं वळली. मले वाटलं, आता काही कडू बोलते. तिनं माह्या हातातली काठी धरली, जशी आंधळ्याची धरते तशी, आन् म्हनलं, "चलो गफ्फारभाई." हे ओठ मले साफ वाचता आले.

शाळेत लाइन लागली. तू भरलेले अर्ज कामाले आले. बऱ्याच बायांची नावं सरळ झाली होती. एक-दोघींची नोती, त्या दुसरा कागद दाखवून आत गेल्या. सगळं गोड झालं असं समजू नको. काही लोक अजून मले पाहून तोंड फिरवते. उद्या निकाल आहे. कोनी जितंन, कोनी हारंन. त्या आवाजाचं काय होईन मले मालूम नाई. तो कुठं कुठं फिरत असंन, काय काय बोलत असंन. पहिले त्याच्या इचारानं झोप नोती येत. आता येते.

गजालानं मले तुह्याबद्दल इचारलं. "वो अमरावतीवाली इतवार को आएगी न?" मी म्हनलं, मले काय मालूम, ती तं माह्या घरी येतच नाई. ती म्हने, इस बार मैं लेके आती हूं.

तं ये. दार लोटून सरळ आत ये. ठोकत बसू नको, मले ऐकू येनार नाई.

तुहा,
गफ्फारचाचा